इंजिन मूळचंच, नोंद मात्र चुकीची: जुन्या गाडीचे कागद दुरुस्त कसे करावेत

कारखान्यातून ज्या इंजिनासह गाडी निघाली तेच इंजिन आजही तिच्यात आहे, पण नोंदणीच्या कागदावर नंबर भलताच. जुनी गाडी पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाला हा घोळ बहुधा उशिरा कळतो. गाडी विकायला काढली, दुसऱ्या देशात न्यायची ठरली किंवा विम्याची पाहणी झाली, की कोणीतरी बॉनेट उघडून विचारतं, ‘हा नंबर कागदावर कुठाय?’ मग घाईघाईने एक अर्ज जातो, ‘इंजिन मूळचं आहे, नोंद दुरुस्त करून मिळावी’, आणि तो तसाच पडून राहतो.

तो का पडून राहतो हे आधी लक्षात घ्या. नोंदणी खात्यातल्या टेबलामागच्या माणसाला तुमच्या गाडीचं कौतुक नसतं. त्याच्यापुढे दोन नंबर असतात, एक दप्तरातला आणि एक तुम्ही सांगताय तो. दोन्ही जुळत नसले की त्याला पहिली शंका येते ती चोरीच्या इंजिनाची, आणि ही शंका घेणं त्याचं कामच आहे. तिला उत्तर द्यायचं तर तीन गोष्टी वेगवेगळ्या सिद्ध कराव्या लागतात. आज गाडीत असलेल्या इंजिनावर अमुक नंबर आहे आणि तो कारखान्यानेच धातूत ठोकून उमटवलेला, म्हणजे पंच केलेला आहे, ही पहिली. कारखान्याने हा नंबर याच चासीबरोबर, म्हणजे गाडीच्या याच सांगाड्याबरोबर लिहिला होता, ही दुसरी. आणि नोंदीतला चुकीचा नंबर तिथे आला कुठून, ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींवर लोक भरपूर कष्ट घेतात आणि तिसरी सोडून देतात. माझ्या मते अर्ज पुढे सरकतो तो तिसरीमुळेच. चूक कशी झाली हे कळलं, की ती दुरुस्त करायला अधिकाऱ्याची ना नसते. नुसतं ‘चूक आहे’ म्हटलं, तर तुमच्या भरवशावर सही करायची जोखीम त्याच्यावर येते.

आधी आपलं प्रकरण कोणतं ते ठरवा

वरवर सारखी दिसणारी चार प्रकरणं असतात आणि चौघांचे रस्ते वेगळे.

सगळ्यात सोपं म्हणजे लिहिण्यातली चूक. ३ चा ८, ५ चा एस, शून्याचा ओ, १ चा आय. मागची-पुढची अक्षरं गळणं हाही त्यातलाच प्रकार. जॅग्वार ई-टाइपच्या ४.२ लिटर इंजिनाचा नंबर ‘७ई’ने सुरू होतो आणि शेवटी आडव्या रेघेपुढे ८ किंवा ९ असतो. तो आकडा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते सांगतो, ८ म्हणजे आठास एक, ९ म्हणजे नवास एक. ज्याला हे ठाऊक नाही तो शेवटचा आकडा बिनमहत्त्वाचा समजून सोडून देणार.

दुसरं प्रकरण म्हणजे नंबर अचूक उतरवलाय, पण चुकीच्या जागेवरचा. इंजिनाऐवजी ब्लॉकचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडाचा, साच्यातच आलेला ओतीव नंबर, गिअरबॉक्सचा नंबर, बॉडीचा नंबर. याच ई-टाइपला लावलेल्या माहितीच्या पट्टीवर चासी, इंजिन, बॉडी आणि गिअरबॉक्स असे चारही नंबर एकाखाली एक असतात. एक ओळ इकडची तिकडे झाली की संपलं. मर्सिडीज २८० एसएलचा चासी नंबर ११३०४४ने सुरू होतो आणि इंजिनाचा १३०९८३ने. घाईत वाचणाऱ्याला ११३ आणि १३० मध्ये फार फरक दिसत नाही.

तिसरं प्रकरण जरा गुंतागुंतीचं. मूळ इंजिन कधीतरी उतरवलं होतं, दुसरं बसवलं, ते रीतसर नोंदलंही गेलं. पुढे कोणीतरी मूळ इंजिन शोधून परत बसवलं आणि ते मात्र कळवलं नाही. इथे दप्तर चुकलेलंच नाही, ते फक्त मागे राहिलंय. त्यामुळे हा अर्ज ‘चूक दुरुस्ती’चा नसून ‘इंजिन बदला’चा असतो. मूळ इंजिन परत आलं ही गोष्ट तुमच्यासाठी मोठी असली, तरी खात्याच्या दृष्टीने एक इंजिन गेलं आणि दुसरं आलं, इतकंच. चुकीच्या सदराखाली केलेला अर्ज खरा असूनही खोटा वाटतो.

चौथं म्हणजे इंजिन मूळचं नाहीच. नोंद बरोबर आहे, चुकीची आहे ती मालकाची समजूत. ही शक्यता मनात ठेवूनच पुढचं सगळं करा. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो: कागदाशी जुळावं म्हणून धातूवर नंबर पंच करण्याचा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला परत फोन करू नका. ओळखीचे नंबर खोडणं किंवा बदलणं हा बहुतेक देशांत गुन्हा आहे. शिवाय खात्याच्या परवानगीविना नंबर पंच केला, की खरा पुरावाही कायमचा गेला.

नंबर शोधा, पण खरवडू नका

इंजिनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. उठावदार असतात ते ओतीव, साच्यातच आलेले. असा नंबर त्या नमुन्याच्या हजारो ब्लॉकवर एकच असतो, त्याने तुमचं इंजिन वेगळं ओळखता येत नाही. खोल गेलेले असतात ते पंच केलेले, आणि इंजिनाचा नंबर त्यांत असतो. नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो, कारण ओतीव आकडे मोठे आणि सहज दिसणारे असतात, पंच केलेले बारीक आणि तेल-काजळीखाली दडलेले.

जागा गाडीनुसार बदलते. फोक्सवॅगन बीटलमध्ये नंबर जनरेटरच्या पायाखाली क्रँककेसवर असतो. शेव्हर्लेच्या लहान व्ही-८ इंजिनात उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकच्याच एका सपाट पट्ट्यावर. जॅग्वारच्या सहा सिलिंडरच्या एक्सके इंजिनात तो दोन ठिकाणी मिळतो, ब्लॉकवर ऑइल फिल्टरच्या वर आणि सिलिंडर हेडच्या पुढच्या टोकावर. दोन्हीकडे एकच नंबर असेल तर पुरावा भक्कम. हेड वेगळं निघालं तरी ब्लॉक मूळचा असू शकतो, पण मग ते आपणहून सांगा.

एमजीबीसारख्या काही गाड्यांत नंबर थेट ब्लॉकवर नसून ब्लॉकला रिबिट मारलेल्या पट्टीवर असतो, आणि इंजिनाचं काम निघालं की पट्टी हरवते किंवा बदलली जाते. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची कारखान्यात नव्याने तयार केलेली ‘गोल्ड सील’ इंजिनं बदलीत मिळायची आणि त्यांच्यावर वेगळीच पट्टी असायची. तुमच्या नोंदीत असा नंबर असेल, तर तो लिहिणाऱ्याची चूक नाही. त्या काळी गाडीत खरोखरच बदली इंजिन होतं.

साफ करताना हात आवरता घ्या. आधी चिंधी आणि रॉकेल, मग रंग सुटायचं रसायन, आणि फार तर पितळी ब्रश तोही हाताने. पॉलिश पेपर, ग्राइंडर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश यांपैकी काहीही त्या जागेजवळ आणू नका. ब्लॉक यंत्रावर तासला जातो तेव्हा त्या पट्ट्यावर बारीक समांतर रेघा उमटतात. शेव्हर्लेवर त्या चांगल्या दिसतात आणि जाणकार आधी त्याच बघतो. रेघा मोडलेल्या, पट्टा घासलेला आणि आकडे मात्र ताजे, असं दिसलं की नंबर नंतर पंच केल्याचा संशय येतो. तुम्ही प्रामाणिकपणे पॉलिश पेपर मारलात तरी दिसणार तेच. उलट एक निष्पाप शक्यताही असते: ब्लॉकचा माथा फेसिंगला, म्हणजे तासून सपाट करायला दिला, तर शेव्हर्लेसारख्या इंजिनात पट्टाही तासला जातो आणि नंबर निघून जातो. त्या कामाचं जुनं बिल असेल तर ते जपून ठेवा.

नंबर उघडा झाला की उजेड समोरून न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाका. खोल आकड्यांत सावली पडते आणि ३-८ चा वाद मिटतो. खडू चोळून वरचा पुसून घेतला तर अक्षरं पांढरी उठतात. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या, तिच्यावर तारीख, चासी नंबर आणि हजर असलेल्या दोघांच्या सह्या घ्या. बऱ्याच ठिकाणी अधिकाऱ्याला फोटोपेक्षा ही छाप ओळखीची वाटते. आरशातून फोटो काढावा लागला तर तो उलटा येतो हे विसरू नका. असा फोटो जोडायचाच असेल तर सुलटा करून, तसं खाली लिहून जोडा.

एक न तोडलेलं चित्रीकरणही करा: नंबर प्लेट, तिथून चासी नंबर, तिथून इंजिन, मग इंजिनाचा नंबर, सगळं एका दमात. सुट्या फोटोंवर ‘हे दुसऱ्याच गाडीचं इंजिन आहे’ असा आक्षेप घेता येतो, सलग चित्रीकरणावर घेता येत नाही.

आकडे इतके झिजले असतील की वाचताच येत नाहीत, तर थांबा. पंच मारताना खालचा धातू दबलेला असतो, त्यामुळे वरचा भाग घासला गेला तरी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत रसायनाने पुसट आकडे कधी कधी परत दिसतात. घरी ॲसिड लावून हा प्रयोग करू नका. आकडा तर जाईलच, वर खाडाखोडीचा आरोप तुमच्यावर येईल.

तारखा एका रांगेत बसवा

ओतीव आकड्यांनी इंजिन ओळखता येत नसलं तरी त्यांच्यात एक मोठी गोष्ट दडलेली असते, ती म्हणजे ओतकामाची तारीख. ब्लॉक आधी ओतला जातो, मग इंजिन जुळवलं जातं, मग गाडीत बसतं. तीन तारखा याच क्रमाने यायला हव्यात. ओतकाम गाडीच्या नंतरचं निघालं तर चर्चा संपली, इंजिन मूळचं नाही. ओतकाम काही दिवस किंवा काही आठवडे आधीचं असेल तर गोष्ट जुळते. वर्षभराचं अंतर असेल तर स्पष्टीकरण शोधावं लागेल.

शेव्हर्लेच्या ब्लॉकवर ही तारीख एक अक्षर आणि दोन संख्यांत असते. अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी ते एल म्हणजे डिसेंबर, पुढे दिवस आणि शेवटी बहुधा वर्षाचा एकच आकडा. म्हणजे ‘सी १५ ८’ म्हणजे १५ मार्च, पण १९५८ की १९६८ हे त्यावरून कळत नाही. तिथे ब्लॉकचा ओतीव नमुना-नंबर कामाला येतो, कारण तो नमुना कोणत्या वर्षांत वापरात होता ते ठरलेलं असतं. फोर्डचा क्रम उलटा: आधी वर्षाचा आकडा, मग महिन्याचं अक्षर, मग दिवस. शिवाय फोर्डने आय हे अक्षर गाळलं, त्यामुळे तिथे डिसेंबर म्हणजे एम. शेव्हर्लेचं कोष्टक फोर्डला लावलं तर सप्टेंबरपासून पुढे सगळे महिने एकाने चुकतात.

शेव्हर्लेच्या पट्ट्यावर जुळणीची तारीखही पंच केलेली असते: आधी कारखान्याचं अक्षर, व्ही म्हणजे फ्लिंट आणि टी म्हणजे टोनावांडा, मग महिना-दिवसाचे चार आकडे, मग इंजिनाचा प्रकार सांगणारी अक्षरं. आणि १९६८च्या मॉडेलपासून जनरल मोटर्स गाडीच्या ओळख क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनावरही पंच करू लागली. त्यानंतरच्या गाडीत हा तुकडा चासीशी जुळला की अर्धं काम झालंच. आधीच्या बहुतेक गाड्यांत हा दुवा नसतो, तिथे तारखांची रांग आणि कारखान्याची नोंद यांवरच भिस्त.

कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, जनरेटर यांच्यावरच्या तारखा टिपून ठेवा, पण त्यांच्यावर फार विसंबू नका. हे भाग दुकानातून सुटे विकत मिळतात.

कारखान्याची नोंद मागवताना

दुसरा मुद्दा, म्हणजे हे इंजिन याच चासीबरोबर निघालं, सिद्ध होतो तो कारखान्याच्या दप्तरातून. अनेक कंपन्यांची जुनी दप्तरं आज संग्रहालयांकडे किंवा वारसा विभागांकडे आहेत. एमजीसारख्या ब्रिटिश गाड्यांची नोंद गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियममधून मिळते, तिथला ब्रिटिश मोटर इंडस्ट्री हेरिटेज ट्रस्ट प्रमाणपत्र देतो. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट आहे. मर्सिडीजच्या प्रत्येक गाडीचं ‘डेटा कार्ड’ असायचं, त्यावर चासी, इंजिन, गिअरबॉक्सचे नंबर आणि रंगाचा संकेतांक असतो. रोल्स-रॉइस आणि बेंटलीची चासी कार्डं तर प्रसिद्धच आहेत, ती पॉलर्सपरीच्या हंट हाउसमध्ये रोल्स-रॉइस मालकांच्या क्लबने जपली आहेत. फेरारीची प्रमाणन शाखा ‘क्लासिके’ गाडी प्रत्यक्ष तपासून निर्णय देते.

मागणी करताना शक्य तिथे फक्त चासी नंबर द्या, इंजिनाचा देऊ नका. उत्तर आलं आणि त्यातला इंजिन नंबर तुमच्या छापेशी जुळला, तर तो स्वतंत्र पुरावा झाला. ‘मालकाने सांगितलं म्हणून त्यांनी लिहून दिलं’ असं कोणालाच म्हणता येत नाही. तुमचं मागणीपत्रही जोडा, म्हणजे तुम्ही काय विचारलं होतं ते दिसेल. काही दप्तरखाने मात्र याच्या उलट वागतात. ते इंजिनाचा नंबर सांगत नाहीत, तुम्ही दिलेला जुळतो की नाही एवढंच कळवतात, कारण आधी नंबर कळला तर तो पंच करून घेणारे महाभाग असतात. तिथे त्यांच्या पद्धतीने चाला.

या प्रमाणपत्राची मर्यादाही ओळखून असा. कारखान्यातून काय बाहेर पडलं ते हे पत्र सांगतं. तुमच्या गॅरेजमध्ये उभी आहे ती गाडी तीच, हे ते सांगत नाही. ते सांगायला तुमची छाप आणि चित्रीकरण हवं. नुसतं प्रमाणपत्र जोडून मोकळे होणारे इथेच फसतात.

सगळ्या गाड्यांची दप्तरं शाबूत नाहीत. अमेरिकन गाड्यांत कधी कारखान्यातला जुळणीचा कागदच गाडीत दडलेला सापडतो, मागच्या सीटच्या स्प्रिंगांत किंवा पेट्रोलच्या टाकीवर. १९६७पासूनच्या कॉर्व्हेटमध्ये तो टाकीच्या माथ्यावर चिकटवलेला असायचा. सीट उतरवायचं काम निघालं तर आधी हात घालून बघा, कारागिराने कचरा म्हणून टाकण्याआधी. फोर्डच्या १९६७पासूनच्या गाड्यांसाठी मार्टी ऑटो वर्क्स आणि पॉन्टिॲकसाठी पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेस कारखान्याच्या माहितीवरून अहवाल देतात. त्यांतून इंजिनाचा प्रकार नक्की कळतो. विशिष्ट इंजिन ओळखायला पंच केलेला नंबर लागतोच.

चूक कुठे शिरली ते शोधा

हा भाग सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगाचा. गाडीचे मिळतील तेवढे जुने कागद गोळा करा: आधीची नोंदणी पुस्तकं, आयातीचे कागद, विमा, सर्व्हिस बुक, वॉरंटी कार्ड, गॅरेजची बिलं. प्रत्येकावर इंजिनाचा नंबर काय लिहिलाय ते तारखेच्या क्रमाने एका तक्त्यात उतरवा. कुठल्या तरी एका ओळीपर्यंत नंबर बरोबर असतो आणि पुढच्या ओळीपासून चुकीचा. त्या दोन ओळींच्या मध्ये काय घडलं? बहुतेकदा मालकी बदललेली असते, गाडी सीमा ओलांडून आलेली असते, हाताने लिहिलेली नोंदवही संगणकात चढवलेली असते, किंवा फाटलेल्या पुस्तकाऐवजी दुसरं काढलेलं असतं.

आधीच्या नोंदी आज खात्याकडे नसतील तर अभिलेखागारात चौकशी करा. ब्रिटनमध्ये नोंदणी केंद्रीय होण्याआधी ती स्थानिक कौन्सिलांकडे होती, त्यामुळे जुन्या वह्या काउंटीच्या दप्तरखान्यांत आणि किटहेड ट्रस्टसारख्या संस्थांत सापडतात. आधीच्या मालकाकडे जुनी झेरॉक्स असणं हीसुद्धा लहान गोष्ट नाही.

काही चुकांची मुळं त्या काळच्या पद्धतीतच असतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत १९५०च्या दशकाच्या मध्यापर्यंत गाडीची मालकी इंजिनाच्या नंबरावर नोंदली जायची. अशा गाडीच्या कागदावर ‘ओळख क्रमांक’ म्हणून असतो तो खरं तर इंजिनाचा नंबर, आणि पुढच्या कारकुनाने तो चासीच्या रकान्यात ढकललेला असतो. फोर्ड मॉडेल टीमध्ये तर इंजिनाचा नंबर हीच गाडीची ओळख होती. बदली ब्लॉक कोरा यायचा आणि विक्रेता त्यावर जुनाच नंबर पंच करायचा. त्यामुळे तिथे नंबर जुळूनही ब्लॉक नंतरचा असू शकतो आणि निकाल ओतकामाच्या तारखेवर लागतो. अशा गाडीची इंजिन नोंद बदलणं म्हणजे गाडीची ओळखच बदलणं, तेव्हा तिथे वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

आणखी एक अडचण संगणकाची. १७ अक्षरी ओळख क्रमांक अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून आला. त्याआधीचे नंबर लहान, वाटेल त्या लांबीचे. रकाना भरावा म्हणून पुढे शून्यं लावणं, मधली रेघ काढून टाकणं असे उद्योग झालेले असतात. तुमच्या नोंदीत अनाकलनीय शून्यं दिसली तर इथे शोधा.

मूळ इंजिन परत बसवलेलं असेल, म्हणजे वरचं तिसरं प्रकरण, तर ते कोणाकडून आलं त्याची पावती लागेल. मधल्या काळात ते इंजिन दुसऱ्या गाडीच्या नावावर चढलं होतं का, हेही बघा. एकच इंजिन दोन गाड्यांच्या कागदावर असेल, तर ती दुसरी नोंद रद्द झाल्याशिवाय तुमचा अर्ज पुढे जाणार नाही. चोरीच्या यादीत नंबर नाही याची खात्रीही अर्जाआधीच करून घ्या.

तज्ज्ञाचा अहवाल

त्या कंपनीच्या गाड्यांचा क्लब, पाहणी करणारा सर्व्हेयर किंवा जुना अनुभवी कारागीर, यांपैकी जो त्या नमुन्याची इंजिनं ओळखतो त्याच्याकडून लेखी अहवाल घ्या. त्याने इंजिन स्वतः पाहिलेलं हवं, फोटोवरून दिलेल्या मताला वजन नसतं. अहवालात नंबराची जागा, अक्षरांची ठेवण, पट्ट्याची अवस्था, ओतकामाची तारीख आणि निष्कर्ष एवढं असलं की पुरे. गाडीची स्तुती आणि किंमत त्यात नको. जुन्या गाड्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ असलेल्या फिवाचं ओळखपत्र असेल तर जोडा, पण ते मालकीचा किंवा नोंदणीचा कागद नाही.

अर्ज

आधी तुमच्या खात्याला विचारा की कोणत्या सदरात अर्ज करायचा आणि कोणता पुरावा चालतो. देशोदेशी फरक आहे. ब्रिटनमध्ये डीव्हीएलए हे नोंदणी खातं इंजिन नंबराच्या बदलासाठी इंजिनाची पावती, उत्पादकाचं पत्र किंवा विम्यासाठी झालेला पाहणी अहवाल मागतं. बदल तुम्ही गाडी घेण्याआधीच झाला असेल तर गॅरेजने लेटरहेडवर लिहून दिलेलंही चालतं. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांविषयी आहे. २०२१ साली आलेल्या व्हिंटेज नोंदणीच्या नियमांत ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी अशी अट आहे. म्हणजे तिथे मूळ इंजिन हा हौसेचा विषय राहत नाही, पात्रतेचाच होतो.

अर्जाचं पत्र एका पानाचं ठेवा. नोंदीत आज काय आहे, काय असायला हवं, चूक कोणत्या टप्प्यावर झाली, आणि प्रत्येक विधानामागे कोणता जोडकागद, एवढंच लिहा. तक्ता, छाप आणि फोटो मागे क्रमांक घालून लावा. ‘मॅचिंग नंबर्स’ (म्हणजे सगळे नंबर मूळचे आणि जुळणारे) वगैरे शौकिनांची भाषा पत्रात आणू नका, त्याने तुम्ही किंमत वाढवायला आलात असं वाटतं. याच अर्जात रंग, सीटची संख्या, उत्पादनाचं वर्ष अशा इतर दुरुस्त्या घुसडू नका. इंजिनाची क्षमताही चुकलेली असेल तर मात्र ती सांगावीच लागेल, कारण बऱ्याच ठिकाणी कर तिच्यावर ठरतो.

अस्सल कागद देऊ नका. प्रती द्या, अस्सल दाखवायला बरोबर ठेवा. दिल्याची पोच घ्या. प्रतिज्ञापत्र मागितलं तर द्या, पण त्यात तुम्हाला स्वतःला ठाऊक आहे तेवढंच लिहा. १९७० साली काय झालं ते तुम्ही पाहिलेलं नाही. ‘उपलब्ध कागदांवरून असं दिसतं’ हे वाक्य पुरेसं आहे आणि पुढे अडचणीत आणत नाही.

पाहणीच्या दिवशी

निरीक्षकाला नंबर दिसला नाही तर बाकी सगळं व्यर्थ. आदल्या दिवशीच एअर क्लीनर, उष्णतेचं कवच, जे काही आड येतं ते काढून ठेवा. टॉर्च, लहान आरसा, चिंध्या, खडू, कागद-पेन्सिल जवळ असू द्या. इंजिन गार असताना गाडी न्या. त्या जागेला ताजा रंग मुळीच नको. इंजिनाला रंग द्यायचाच असेल तर तो नोंद झाल्यावर द्या. निरीक्षकाने स्वतःची छाप घेतली तर उत्तमच, तिच्यावर तुम्ही सही करा. त्याने विचारल्याशिवाय गाडीचा इतिहास सुरू करू नका. हे जुन्या गाडीवाल्यांना फार जड जातं, कल्पना आहे.

नकार आला तर तो लेखी मागा, कारणासह. बहुतेक वेळा एखादाच दुवा कमी पडलेला असतो: चासीच्या नंबराची छाप, आयातीचा कागद, आधीच्या मालकाचं पत्र. तो जोडून त्याच प्रकरणात पुन्हा सादर करा, नवा अर्ज टाकला तर जुना इतिहास तुटतो. नंबर मुळातच नाहीसा झालेला असेल, तर काही ठिकाणी खातं स्वतःच्या देखरेखीखाली नंबर पंच करायची लेखी परवानगी देतं. तो मार्ग असेल तर तोच धरा, आणि परवानगीचं पत्र गाडीच्या कागदांत कायम ठेवा.

नवी नोंद हाती आली की तिथेच उभं राहून प्रत्येक अक्षर छापेशी ताडून पाहा. दुरुस्तीच्या कागदातही ८ चा ३ होतो. मग विमा कंपनीला कळवा, म्हणजे दाव्याच्या वेळी जुना नंबर निघायचा नाही. आणि छाप, प्रमाणपत्र, तक्ता, पत्रव्यवहार हे सगळं एका फायलीत गाडीबरोबरच ठेवा. गाडी विकाल तेव्हा ती फाइल किल्लीबरोबर द्या आणि एक प्रत आपल्याकडे राहू द्या.